परदेशवाल्या वकीलबाई

बीडच्या कोर्टाच्या आवारात माझं नाव फार थोड्यांना माहीत आहे. 'परदेशवाल्या वकीलबाई कुठं बसतात?' असं विचारलं की चहावाला हात करून दाखवतो. माझ्या टेबलामागच्या पाटीवर 'पासपोर्ट, व्हिसा व नागरिकत्वाची प्रकरणे' असं लिहिलेलं आहे. त्या पाटीमुळे माझ्याकडे मक्केला उमऱ्यासाठी जायचं तिकीट काढायला, पोराला कॅनडाला धाडायला, एकदा तर विमानात पान खाऊ देतात का ते विचारायलाही माणसं आलेली आहेत. मी त्यांना पाणी देते आणि योग्य त्या दुकानाचा पत्ता सांगते. ज्यांचं माझ्याकडे खरं काम असतं ती माणसं अशी मोकळेपणानं येत नाहीत. ती आधी लांब उभी राहून मला बघतात.

मी बीडजवळच्या पालीकडच्या एका खात्यापित्या शेतीवाल्या घरातली. वडील सरपंच होते. त्यांच्या मागं थोरला भाऊ राजकारणात आला आणि चांगला रुळला. मी कायदा शिकायला तेव्हाच्या औरंगाबादला गेले आणि तिथं लाल बावट्याच्या पोरापोरींत मिसळले. सुरुवात खोलीतल्या मैत्रिणीला सोबत म्हणून झाली. मग शेतमजुरांच्या मोर्च्याला गेले, मग पोलीस गाडीत बसले, आणि परत आले ती वेगळी होऊन. आमच्या शेतात तीस वर्षं राबलेल्या बाईचं आडनाव मला ठाऊक नाही, हे मला त्या काळात पहिल्यांदा खुपलं.

सुट्टीत घरी आले तेव्हा वडील म्हणाले, "लाल झालीस म्हणं."

"हो."

"आमच्या पंगतीला बसतीस ना पण?"

मी बसले. आमच्या घरात मतभेद असेच जेवणाबरोबर गिळले जायचे.

वकिली सुरू केली ती मजुरांच्या नुकसानभरपाईच्या दाव्यांवर. लग्न झालं नाही. लोक समजतात की चळवळीपायी केलं नाही, पण तसं काही नव्हतं. जुळलं नाही, एवढंच. पक्षाचं ऑफिस हळूहळू रिकामं होत गेलं, सभेला खुर्च्या जास्त आणि माणसं कमी असं दिसायला लागलं, आणि मी सभासद राहिले की नाही हे मलाही नीट सांगता येईनासं झालं. विचार मात्र तेच राहिले. म्हातारपणी पाठीचा बाक राहतो तसे.

परदेशाचं काम माझ्याकडे एका मृतदेहाच्या पाठीमागं आलं. मांजरसुंब्याजवळच्या एका गावातला वेल्डर आखातात कामाला गेला होता. तो तिथं वरून पडून मेला. कंपनी देह पाठवेना. त्याचा भाऊ माझ्याकडे आला तो मी मजुरांची वकील म्हणून. मला त्या कामातलं काही येत नव्हतं. मी शिकत गेले, वकिलातीला लिहीत गेले, दिल्लीला फोन करत गेले. शेवटी मुंबईच्या विमानतळावर मालसामानाच्या खिडकीवर आम्हाला ती पेटी मिळाली. पावतीवर पेटीचं वजन लिहिलेलं होतं. भाऊ ती पावती उलटसुलट बघत राहिला. परतीच्या वाटेवर मांजरसुंब्याला ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला भूक लागली म्हणून ढाब्यावर थांबलो. भावानं चहा घेतला आणि कप हातात धरून तो पेटीजवळ जाऊन बसला. घर पुढं अगदी जवळ होतं, पण तिथं पोचल्यावर त्याला एकट्याला बसायला मिळणार नव्हतं.

त्यानंतर अशी माणसं येत राहिली. ड्रायव्हर म्हणून नेऊन वाळवंटात शेळ्यांमागं सोडलेला माणूस. घरकामाला गेलेली आणि पासपोर्ट मालकिणीच्या कपाटात अडकलेली बाई. काही परत आले, काहींचे फोन यायचे बंद झाले. हे सगळे आपल्याकडून बाहेर गेलेले होते. बाहेरून इकडं आलेल्या माणसाचं प्रकरण माझ्याकडे फार उशिरा आलं. ते एकच मला इथं सांगायचं आहे. गाव सांगणार नाही, नावं सांगणार नाही. त्याचं कारण शेवटी कळेल.

एका दुपारी एक धनगर माझ्या टेबलापासून थोडा दूर, भिंतीला टेकून उभा होता. पागोटं, खांद्यावर घोंगडी, चाळिशीच्या पुढचा. मी हाक मारल्यावर जवळ आला.

"तुमीच का परदेशवाल्या?"

"बसा. कोण गेलंय परदेशात?"

"गेलं न्हाई कुनी." तो उभाच राहिला. "माझ्या बायकूला नेलंय पोलिसांनी. म्हन्त्यात ती बांगलादेशी हाय."

मी त्याला बसवलं. त्यानं सांगितलं ते असं. सकाळी ते मेंढरं सोडायच्या तयारीत होते. गाडी आली. दोन बाया पोलीस उतरल्या, तिचं नाव विचारलं आणि आधार कार्ड मागितलं. तिनं दिलं. कार्ड खोटं आहे म्हणाले आणि तिला गाडीत घातलं. कुणीतरी निनावी अर्ज केला होता. त्याचा संशय एका शेतकऱ्यावर होता. आदल्या हंगामात मेंढरं त्याच्या हरभऱ्यात शिरली होती.

"लग्न कधी झालं?"

"लई वर्सं झाली. पोरगी दुसरीत हाय."

"कुठून आणलं होतं तिला?"

तो खाली बघायला लागला. "एका मानसानं आनून दिलती. कलकत्त्याकडची, आईबाप न्हाईत म्हनला. आमाला कोन देतंय पोरगी मॅडम? मेंढरामागं हिंडनाऱ्याला?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. आमच्या जिल्ह्यात एका पिढीत पोरी जन्मूच दिल्या नाहीत. सोनोग्राफीच्या यंत्रांनी ते काम केलं, आणि ते आमच्यासारख्या शेतीवाल्या घरांत आधी झालं. पोरं लग्नाला आली तेव्हा पोरी नव्हत्या. मग दलाल आले. ओडिशाच्या, बंगालच्या, झारखंडच्या म्हणून सांगितलेल्या मुली जीपमधून यायला लागल्या. आज अनेक गावांत अशी एक तरी सून आहे. ती मराठी बोलते, हळदीकुंकवाला जाते, आणि तिचं माहेर कुणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला जेलमध्ये भेटले. तिशीच्या आतली, काळी सावळी, हातापायांना भेगा. कपाळावर आडवं कुंकू आमच्याकडच्या धनगर बाया लावतात तसं. वकीलपत्रावर तिनं मराठीत सही केली, सावकाश, ओळीच्या वर काळजीपूर्वक अक्षरं ठेवत. पोरगी पहिलीत असताना तिच्यासोबतच शिकले म्हणाली.

मी विचारलं, "तू कुठली?"

"वस्तीवरची."

"त्याच्या आधी?"

तिनं मान फिरवली. मी म्हणाले, "मी तुझी वकील आहे. तू मला जे सांगशील ते मी कुणाला सांगायला बांधील नाही. पण मला खरं माहीत पाहिजे, नाहीतर मी आंधळ्यासारखी भांडेन."

तिनं जाळीला बोटं अडकवली. मग म्हणाली, "तिकडचीच हाय मी. नदीच्या पल्याडची."

तिनं मग सांगितलं. बाप मासे धरायचा. आई मेल्यावर मामीनं तिला कामाला लावते म्हणून एका बाईच्या हवाली केलं. त्या बाईनं केळीच्या खोडांचा तराफा करून तिला आणि आणखी काही पोरींना त्याला धरून नदी ओलांडायला लावली. पाणी छातीपर्यंत होतं. नंतर एका खोलीत बऱ्याच पोरी. त्या खोलीबद्दल ती बोलली नाही आणि मी विचारलं नाही. तिथून एक दलाल आणि त्याची बायको तिला आगगाडीनं घेऊन आले. एका गडाच्या पायथ्याच्या देवळात हार घातले आणि त्याच संध्याकाळी ती मेंढरांच्या वाड्यावर आली. तेव्हा ती पंधरा वर्षांची असावी. तिला नक्की सांगता येत नव्हतं.

"नवरा मारायचा?"

"सुरवातीला. मला बोलनं कळायचं न्हाई, म्हनून चिडायचा. मंग न्हाई."

हे तिनं इतक्या सरळ आवाजात सांगितलं की मला माझ्या फाईलकडे बघावं लागलं.

मला लगेच एक वाट दिसली होती. अल्पवयीन मुलीला फसवून, विकून आणलेलं असेल तर ती गुन्हेगार नाही, ती पीडित आहे. तसं कोर्टाला दाखवता आलं तर तिच्यावरचा खटला उभा राहू नये, असं भांडता येतं. मी तिला हे सोप्या शब्दांत समजावलं. तिनं सगळं ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला.

"विकली म्हनल्यावर, इकत घेतली कुनी, हे इचारतील ना?"

"विचारतील."

"मंग त्यांला धरतील."

मी हो म्हणाले. खोटं बोलून उपयोग नव्हता. अल्पवयीन मुलीशी लग्न, विकत घेणं. नवरा आत जाईल, सासूही जाईल.

"मंग पोरगी कुनाकडं ऱ्हाईल? मेंढरं कोन बघील?" ती म्हणाली. "तसं नका लिवू. मी माझ्या पायानं आले असं लिवा."

मी तिच्याशी वाद घातला. आयुष्यभर मी बायकांच्या बाजूनं बोलत आले होते. विकल्या गेलेल्या मुलीनं विकत घेणाऱ्याला वाचवायला जेलमध्ये राहावं, हे मला सहन होत नव्हतं. बाहेर तिचा नवरा माझी वाट बघत बसला होता. तो माझा अशील होता की माझ्या अशिलाचा गुन्हेगार, हे मला ठरवता येईना. त्यानं उठून विचारलं, "जेवली का ती?" मी म्हणाले, जेवली. त्याच्याकडे बघून काही तिखट बोलावं असं फार वाटलं. बोलले नाही.

त्या आठवड्यात मी पालीला भावाकडे गेले. त्याची आमच्या भागात अजून चालती होती. त्यानं पोलिसांच्या साहेबांना एक फोन केला तर निदान जामिनाला पोलीस फार विरोध करणार नाहीत, एवढी आशा होती. शिवाय ही धनगरांची मेंढरं दरवर्षी आमच्याच रानात खतासाठी बसायची. भाऊ त्या माणसाला ओळखत होता.

तो ओसरीवर पेपर वाचत होता. ऐकून घेतलं.

"तू घेतलीस का ती केस?"

"हो."

"कावून? दुसरी कामं न्हाईत का तुला?"

"दादा, तिच्या हातची भाकर तू खाल्लीयेस रानात."

"खाल्ली आसंल." त्यानं पेपर घडी केला. "इथं मी सभेत बोलतोय, घुसखोर हाकला म्हनून. आन् माझीच बहीन तिकडं त्यांची वकील. लोक काय म्हनतील मला?"

"तू तिला घुसखोर म्हणतोस का?"

"मी न्हाई म्हनत. कायदा म्हनतोय. कायदा तू शिकलीस, मी न्हाई."

वहिनीनं चहा आणला. मी तो पिऊन उठले. भावानं फोन केला नाही. विरोधातही केला नाही, असं त्यानं नंतर मला दोनदा सांगितलं.

जामीन फेटाळला गेला. सुटली तर पळून जाईल, असं सरकारी वकील म्हणाले. कुठं पळून जाईल, असं मी विचारलं. तिचं जग एका तालुक्यात मावणारं आहे, ती मेंढरांमागं पायी जाते तेवढंच तिला ठाऊक आहे. ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. त्यांच्याकडे त्या दिवशी बरीच प्रकरणं होती.

परकीय नागरिकांच्या या कायद्यातली एक गोष्ट लोकांना सांगितली की त्यांचा विश्वास बसत नाही. खुनाच्या खटल्यात सरकारला सिद्ध करावं लागतं की तुम्ही खून केला. इथं उलट असतं. मी परकी नाही हे माणसानं स्वतः सिद्ध करायचं. माझं म्हणाल तर माझ्या आईचा जन्म कुठं झाला याचा कागद मलाही दाखवता यायचा नाही. पण मला कुणी विचारत नाही. माझं आडनाव आणि आमची जमीन माझ्या वतीनं बोलतात.

सासू दर तारखेला यायची. म्हातारी, कंबरेत वाकलेली, फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून आणायची. कोर्टाच्या व्हरांड्यात पोलीस ती देऊ देत नसत. मग ती फडकं तसंच मांडीवर धरून बसायची. एकदा मला म्हणाली, "बाई, मला दिसत न्हाई आता. ती माझी येनी घालती. पोरीला म्हनलं तू घाल, तर तिला येत न्हाई."

मी म्हणाले, "आजी, तुम्ही तिला आणलंत तेव्हा ती लहान होती. माहीत होतं ना?"

म्हातारीनं मांडीवरच्या फडक्याची गाठ घट्ट केली. मग म्हणाली, "मला आनली तवा मी तिच्याहून बारकी हुते."

तो खटला लढवत राहिलो असतो तर वर्षं गेली असती, आणि ती सगळी वर्षं तिनं आत काढली असती. तिनंच विचारलं, कबूल केलं तर काय होईल? मी सांगितलं, काही महिन्यांची शिक्षा होईल. बराचसा काळ तू भोगलेलाच आहेस. सुटलीस की तुला हद्दपार करायला बघतील, तेव्हा मी वरच्या कोर्टात जाईन. भारतीय माणसाची बायको आहे, मूल इथं जन्मलेलं आहे, व्हिसासाठी अर्ज करू द्या, असं भांडेन. जिंकू का, असं तिनं विचारलं. मी म्हणाले, माहीत नाही. ती म्हणाली, "मंग कबूल करते."

न्यायाधीश तरुण होते, आमच्याच बाजूच्या जिल्ह्यातले. त्यांनी आरोप वाचून दाखवला आणि गुन्हा कबूल आहे का विचारलं.

"हाव साहेब. मी तिकडचीच हाय. कागद न्हाईत माझ्याकडं."

त्यांनी मान वर केली. त्यांनी दुभाष्याची व्यवस्था करून ठेवली होती. बंगाली येणारा एक माणूस दाराशी बसलेला होता.

"मराठी कुठं शिकलीस?"

"मेंढरामागं, साहेब."

न्यायाधीशांनी थोडा वेळ लेखणी तशीच धरली. मग त्यांनी कायद्यात बसेल तेवढी कमी शिक्षा दिली आणि शिक्षेनंतर तिला तिच्या देशात पाठवावं असंही लिहिलं. ते त्यांना लिहावंच लागत होतं. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

तिच्या सुटकेच्या दिवशी मी वरच्या कोर्टात होते. अर्ज दाखल झाला होता, नंबर पडला होता, सुनावणी दुसऱ्या दिवशी होती. एक दिवस, एवढाच प्रश्न होता. सुटल्यावर आधी पोलीस ठाण्यात ठेवतील, मग कागदपत्रं, मग पुढचं, अशी नेहमीची रीत. मी त्या रीतीवर विसंबले. जिन्यात उभी असताना नवऱ्याचा फोन आला.

"मॅडम, नेलं तिला."

"कुठं ठाण्यात?"

"न्हाई. मोठी गाडी हुती. आनखी लोकं हुती तिच्यात, दुसरीकडून आनलेली. मी इचारलं तर म्हनले पुन्याला नेतोय, तिथून इमानानं."

"तू तिला भेटलास?"

"पोरीला घिऊन गेलतो. नवा फ्राक घातलता तिला. ती दारातून आली, दोन पोलीसबाया दोन्हीकडून. पोरगी पळत गेली. तर एक बाई म्हनली, शिवू द्या तिला. शिवू दिलं. तिनं पोरीचं नाक पुसलं पदरानं. मंग घातलं गाडीत."

मी त्या संध्याकाळपर्यंत जेवढ्या दारांवर जाता येईल तेवढ्या दारांवर गेले. तातडीनं ऐका म्हणून विनंती केली. न्यायमूर्ती उठून गेले होते. दुसऱ्या सकाळी पहिल्याच प्रकरणांत माझा नंबर आला. सरकारी वकिलांनी फोनवर विचारून सांगितलं, तिला सीमेवर पोचवलं आहे, ती पलीकडे गेली. न्यायमूर्ती मला म्हणाले, "मग आता या अर्जात काय उरलं?" त्यांनी विचारलं ते कुचेष्टेनं नव्हे, खरंच विचारलं. मी म्हणाले, एक मूल उरलं आहे. त्यांनी तसं नोंदवून घेतलं आणि अर्ज निकाली काढला.

परत येताना एसटीत मी खिडकीशी बसले होते. राग येत नव्हता. राग यायला समोर कुणीतरी दुष्ट लागतो. इथं प्रत्येकानं आपापलं काम केलं होतं. गाडीवाल्यानं, पोलीसबाईनं, सरकारी वकिलानं, मी. तरुणपणी आम्ही घोषणा द्यायचो तेव्हा शत्रू स्पष्ट दिसायचा. आता तो कुठल्याच खुर्चीत बसलेला सापडत नाही, आणि काम मात्र होऊन जातं.

बऱ्याच काळानं तिचा फोन आला, परक्या नंबरावरून. रात्री बंदुका रोखून त्यांना शेताच्या बांधावरून पुढं चालायला लावलं होतं, मागं वळू नका म्हणाले होते. तिकडच्या सैनिकांनी धरलं, मग सोडून दिलं. ती गावाला पोचली तर गाव जागेवर नव्हतं, नदीनं खाल्लं होतं. बाप मेला होता. मामीनं ओळखलं नाही, की ओळखायचं नव्हतं. एका बाजाराच्या गावात खानावळीत भांडी घासते. तिथली माणसं तिला हिंदुस्थानी म्हणतात. तिची बंगाली मोडकी झाली आहे. बोलताना मधेच 'लई' म्हणते आणि मग सगळे हसतात, असं तिनं सांगितलं, आणि तीही थोडी हसली.

त्यानंतरच्या पावसाळ्याच्या अखेरीस एका सकाळी भाऊ माझ्या टेबलाशी आला. कोर्टात तो कधी येत नाही. पांढरे कडक कपडे, मागं नेहमीची माणसं नव्हती. आजूबाजूच्या वकिलांनी उठून नमस्कार केले. तो बसला आणि माझ्या पाटीकडे बघत राहिला.

"एक इचारायचं हुतं," तो हळू आवाजात म्हणाला. "चुलत्याच्या घरची. त्येंच्या धाकट्या पोराची बायको."

"ओडिशाची ती?"

"ओडिशाचीच म्हनत्यात." त्यानं रुमालानं मान पुसली. "आता म्हनं पुन्यांदा तपासनी हाय. गावागावात. तिला इचारलं तर ती रडती नुसती, बोलत न्हाई."

"पोरं आहेत तिला?"

"दोन."

मी त्याला कायदा सांगितला, जसा कुणाही अशिलाला सांगते तसा. त्यात एक गोष्ट अशी होती, जी धनगराला मी कधीच सांगितलेली नव्हती. आता इथं जन्मलेलं मूल आपोआप इथलं होत नाही. आईबापांपैकी एक जण चोरून आलेला ठरला, तर दुसरा कितीही इथला असो, मूल कायद्यानं इथलं धरलं जात नाही. बाप पाटील असो की धनगर.

भाऊ माझ्याकडे बघत राहिला. "म्हंजी आपली पोरं बी?"

"कुणी विचारलं तर."

"मंग काय करायचं?"

"कुणी विचारू नये असं वागायचं. आणि दादा, तू भाषणं थांबव."

तो उठला. पुढच्या सभांत तो रस्त्यांवर आणि कालव्याच्या पाण्यावर बोलला असं ऐकलं. निवडणूक जवळ आली तशी घुसखोरांची भाषा परत सुरू झाली. चुलत्याच्या घरी तपासणीला कुणी गेलं नाही. जायचं नव्हतंच.

धनगराच्या पोरीला मात्र एक दिवस कुणीतरी विचारेल. आईनं कोर्टात स्वतःच्या तोंडानं कबूल केलेलं आहे, ते कुणी खोडू शकत नाही. म्हणून मी गाव सांगत नाही. तिच्या बापालाही हे मी अजून सांगितलेलं नाही. त्याला सांगून तो काय करणार आहे? तिच्या आईसाठी मी व्हिसाचा अर्ज केला, तो फेटाळला. हद्दपार झालेल्या माणसाला इतकी वर्षं येता येत नाही म्हणाले. पुन्हा केला आहे. पोरीच्या नागरिकत्वाचं काम वेगळ्या वाटेनं, गाजावाजा न करता चालू ठेवलं आहे. मी आता साठीकडे चालले आहे आणि हे काम माझ्या हयातीत संपेल असं मला वाटत नाही. एक तरुण वकील शोधते आहे जिच्याकडे हे सोपवता येईल. ज्यांना विचारलं त्यांनी पुण्याला जायचं आहे म्हणून सांगितलं.

गेल्या महिन्यात त्यांची मेंढरं आमच्या रानात, धरणाच्या खालच्या अंगाला बसली होती. मी जाऊन आले. पोरगी आता उंच झाली आहे. माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "तुमी वकील हायत ना?"

"हो."

"मंग आईला कावून न्हाई आनत?"

मी म्हणाले, "आणायला बघतेय. अजून जमत नाही."

तिनं ते ऐकलं आणि मान हलवली, रोजच्या हिशेबातली गोष्ट असल्यासारखी. थोड्या वेळानं व्हिडिओ फोन लागला. पलीकडे धूर होता, मोठी पातेली, आणि मधे ती, पूर्वीपेक्षा वाळलेली. कपाळ मोकळं होतं. तिनं आधी पोरीचे केस दाखवायला सांगितले आणि उवांवरून रागावली. मग नवऱ्याला विचारलं, काळी मेंढी व्याली का. व्याली म्हणाला, पण कोकरू जगलं न्हाई. "हिवाळ्यात आडोशाला कावून न्हाई बांधली?" असं ती म्हणाली आणि तिकडून कुणीतरी तिला हाक मारली. चित्र थांबलं, मग गेलं. नवरा फोन उंच धरून थोडा वेळ रानात फिरला. रेंज आली नाही.

मग आमचा रानातला गडी सांगायला आला की दुपारच्या आत मेंढरं उठवा, नांगर घालायचा आहे. बापानं फोन खिशात टाकला. पोरीनं मेंढरांभोवतीची वाघुराची जाळी सोडायला घेतली, म्हातारीला हाताला धरून सावलीत बसवलं. मी त्यांच्याबरोबर रस्त्यापर्यंत चालत आले आणि बीडची गाडी धरली. मला तीन वाजता एका दुसऱ्या जामिनासाठी उभं राहायचं होतं.